आराम एकरकमी मिळत नाही

प्रश्न : मी ४२ वर्षांची आहे, डोंबिवलीत राहते. फोर्टमधल्या एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघते. सकाळी आठच्या सुमाराची फास्ट लोकल, बहुतेकदा उभ्यानेच. परतताना गाडी सीएसएमटीलाच पकडत असल्याने बसायला मिळतं. पावणेआठला घरी पोचते. घरात सासूबाई, नवरा आणि दहावीतला मुलगा. गेले सहा-सात महिने संध्याकाळी डोकं ठणकतं, मान-खांदे आखडतात. मी दात आवळते, हे दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. रात्री अकराला पडल्यापडल्या झोप लागते, पण तीनला टक्क जाग येते आणि रिटर्न, राहिलेल्या सह्या, मुलाची प्रिलिम, सगळं डोक्यात फिरायला लागतं. घरात शिरल्याशिरल्या मुलावर ओरडते, मग वाईट वाटतं. व्हिडिओ बघून दीर्घ श्वसन आणि कपालभाती दहा-दहा मिनिटं केली, तर चक्कर आली, बोटांना मुंग्या आल्या. दिवसाला पाच कप चहा होतो, शेवटचा घरी आल्यावर. नवरा म्हणतो, मनःशांतीच्या अ‍ॅपची वर्षाची वर्गणी भर, नाहीतर दोन दिवस रिसॉर्टला जाऊन येऊ. नक्की काय करू?

उत्तर : ताई, आधी चक्करेचं बोलू. कारण पत्राचा सूर बघता तिथेच तुमचा या सगळ्यावरचा विश्वास उडालेला दिसतो. तुमच्या हातून घडलं ते एवढंच, की हवा जास्त घेतलीत. खोल आणि भराभर श्वास घेत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. तो उतरला की मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरतं. ओठांना, बोटांना मुंग्या येतात त्याही यातूनच. ऑक्सिजन कमी पडतो असं नाही. त्यामुळे अशा वेळी शेजारचं कोणी ‘अजून खोल श्वास घे’ म्हणालं तर ते ऐकायचं नाही. बसायचं, तोंड मिटायचं आणि नाकाने लहान, सावकाश श्वास घ्यायचे. दोन-तीन मिनिटांत उतार पडतो.

कपालभातीचं म्हणाल, तर हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत ती धौती, नेती यांच्याबरोबर शुद्धिक्रियांमध्ये येते. तिने तरतरी येते, अंग तापतं. सकाळी रिकाम्या पोटी, जाणत्या शिक्षकासमोर शिकून करायची ती गोष्ट आहे. रक्तदाब वाढलेला, हर्निया, फिट्स, गर्भारपण, पोटाचं ताजं ऑपरेशन यांत ती वर्ज्यच. दमलेलं डोकं शांत करायला तिचा उपयोग नाही, तेव्हा सध्या ती बंद ठेवा.

आता मूळ मुद्दा. तुम्ही लिहिलेला दिवस पाहिला तर सकाळी आठपासून रात्री अकरापर्यंत अंग एकदाही सैल पडत नाही. लोकलमध्ये दांडी आवळलेली, ऑफिसात खांदे कानाशी, घरी आल्यावर ओट्यापुढे उभ्या. मग रात्री तीनला शरीर सगळी थकबाकी एकदम मागतं. ती रविवारी किंवा रिसॉर्टला जाऊन एकरकमी फिटत नाही. दिवसातून आठ-दहा वेळा, अर्धा मिनिट ते दहा मिनिटं, अशी फेडावी लागते. खाली जे सांगितलंय ते सगळं या हिशेबाने बसवलेलं आहे.

श्वासापासून सुरुवात. लांब करायचा तो उच्छ्वास, खोली वाढवायची नाही. खुर्चीत पाठ टेकून बसा. एक तळहात छातीवर, दुसरा बेंबीच्या वर. नाकाने नेहमीएवढाच श्वास मनात चार आकडे म्हणत आत घ्या, सहा आकडे म्हणत बाहेर सोडा. पोटावरचा हात हलला पाहिजे, छातीवरचा जवळजवळ स्थिर. एक आकडा म्हणजे साधारण एक सेकंद, म्हणजे मिनिटाला सहा श्वास आणि पाच मिनिटांत तीस. चार-सहा जमत नसेल तर तीन-चारने सुरू करा, आठवड्याने वाढवा. आकड्यांपेक्षा बाहेर जाणारा श्वास लांब असणं महत्त्वाचं.

याचं कारण स्वतःच्या मनगटावर कळतं. अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवून नाडी धरा आणि सावकाश श्वास घ्या. श्वास आत जाताना ठोके किंचित जवळ येतात, बाहेर जाताना लांबतात. बहुतेकांना हा फरक बोटाला लागतो. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस नावाची नस हृदयाला आवरते, म्हणून बाहेरचा श्वास लांबवला की हृदयाला सावकाश चालायला जास्त वेळ मिळतो. मनाला ‘शांत हो’ सांगून ते ऐकत नाही, पण या वाटेने शरीर ऐकतं.

बिघडतं कुठे, तेही सांगतो. पहिलं म्हणजे खांदे वर उचलून छाती फुगवणं. दुसरं, सहाचा आकडा गाठायचा म्हणून पोट आत दाबून शेवटचा थेंबभर श्वासही पिळून काढणं. मग पुढचा श्वास धाप लागल्यासारखा येतो आणि आकडे कोसळतात. श्वास थोडा शिल्लक असतानाच थांबा. तिसरं, मधे श्वास रोखून धरणं. रोखण्याचे प्रकार आहेत, पण ते तुमच्यासाठी आत्ता नकोत. चौथं, ‘शांत वाटतंय का?’ असं दर मिनिटाला तपासणं. पहिले तीन-चार दिवस काहीही वाटत नाही, उलट कंटाळा येतो. येऊ द्या.

आकडे मोजणं जाचक वाटत असेल तर भ्रामरी करा. नाकाने श्वास घ्यायचा, ओठ मिटलेले, दात सुटे, आणि ‘म्‌म्‌म्‌’ असा गुंजारव श्वास संपेपर्यंत. आवाज काढायचा म्हटला की उच्छ्वास आपोआप लांबतो, मोजावं लागत नाही. सात वेळा पुरे. कानात बोटं खुपसायची गरज नाही, कानाच्या छिद्रापुढचा लहान उंचवटा हलके दाबला तरी चालतं. आवाज मोठा काढला तर घसा दुखतो, शेजारच्या खोलीत ऐकू जाणार नाही इतपत असावा. अनुलोम-विलोमही चांगला, पण सर्दीने नाकपुडी बंद असताना जोर लावून करू नका.

आणखी एक प्रकार अगदी ऐन वेळचा. नाकाने श्वास घ्या, तो भरत आला की वरून आणखी एक छोटा श्वास आत ओढा, मग तोंडाने लांब, सावकाश सोडा. दोनदा किंवा तीनदा, बास. रडून थकलेलं मूल मधूनच असा दुहेरी उसासा टाकतं. त्या दुसऱ्या छोट्या श्वासाने फुप्फुसातल्या मिटलेल्या हवेच्या बारीक कुप्या उघडतात आणि पुढचा उच्छ्वास मोकळा होतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या २०२३ च्या एका प्रयोगात रोज पाच मिनिटं असा श्वास महिनाभर करणाऱ्यांची मनःस्थिती नुसत्या सजग ध्यानापेक्षा जास्त सुधारली होती. तुम्हाला पाच मिनिटं करायची गरज नाही. दाराची बेल दाबण्याआधी तीनदा करा.

आता स्नायूंचं. तुमचं दुखणं मुख्यतः तिथेच आहे. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात एक साधी गोष्ट पद्धतशीर मांडली. स्नायू आधी जाणूनबुजून आवळा, मग सोडा, म्हणजे ‘सैल’ कसं असतं ते अंगाला कळतं. वर्षानुवर्षं खांदे आखडलेल्या माणसाला ते आखडलेत हेच कळत नसतं, त्यामुळे ‘सैल सोड’ म्हटल्याने काही होत नाही. तुमचे दात आवळलेले असतात हे तुम्हाला डॉक्टरांकडून कळलं, तसंच.

चटईवर किंवा पातळ गादीवर उताणं पडा. डोक्याखाली पातळ उशी, गुडघ्यांखाली जाड उशी किंवा गुंडाळलेली चादर, म्हणजे कंबर जमिनीला टेकते. आवळणं पाच सेकंद, सोडणं वीस सेकंद. जोर पूर्ण ताकदीच्या निम्माच. पूर्ण ताकदीने आवळलं तर दुखणं वाढतं आणि दुसऱ्या दिवशी हात लावायची इच्छा होत नाही. आवळताना श्वास चालू ठेवा, सोडताना तो बाहेर जाऊ द्या. क्रम असा : दोन्ही मुठी. मग कोपरात वाकवून दंड. मग भुवया वर चढवून कपाळ, डोळे घट्ट मिटून पापण्या. मग जबडा, पण तुमच्याबाबतीत दात दाबायचे नाहीत, जीभ टाळूला दाबायची. मग खांदे कानाकडे ओढून. पोट आत घेऊन. गुडघे जमिनीकडे दाबून मांड्या. शेवटी पावलं आपल्याकडे ओढून पोटऱ्या. इथे एक चूक हमखास होते. पावलं पुढे ताणली की पोटरीत गोळा येतो, विशेषतः दिवसभर उभं राहून आलेल्या माणसाला. बोटं नेहमी नाकाकडे. मान मागे रेटून आवळण्याचा प्रकार काही व्हिडिओंत दिसतो, मानेचं दुखणं असताना तो सोडून द्या. प्रत्येक भाग दोनदा केला तर सगळं मिळून दहा-बारा मिनिटं लागतात.

त्या वीस सेकंदांत काय करायचं हा खरा प्रश्न. काही करायचं नाही, फक्त आत्ता आणि मघाशी यांतला फरक बघायचा. हात जड झाला का, तळव्यात ऊब आली का, कपाळाची कातडी रुंदावल्यासारखी वाटते का. ही वीस सेकंदं खाऊन टाकली तर उरतो तो नुसता व्यायाम. दोन आठवड्यांनी आवळण्याची गरज कमी होते, ‘खांदे’ म्हटलं की खांदे उतरतात. तोवर रोज करावं लागतं. झोप लागली तर रात्री हरकत नाही, पण शिकण्याच्या काळात जागेपणी करा, म्हणून वेळ संध्याकाळची.

तुमच्या दिवसात हे बसवू. सकाळी उभ्याने, गाडी ठाण्याहून सुटली की सुरू, घाटकोपरला बंद. डोळे उघडे ठेवून चार-सहाचा श्वास, आणि दांडी धरलेल्या हाताची पकड हवी तेवढीच. हँडल धरायला लागते त्याच्या दुप्पट ताकदीने आपण ते धरतो आणि ती ताकद खांद्यातून मानेत चढते. (दाराजवळ उभ्या असाल तेव्हा हा प्रयोग नाही, तिथे घट्टच धरायचं.) पर्स एका खांद्यावर असेल तर तिच्यात काय काय आहे ते आज रिकामं करून बघा. डबा, बाटली, छत्री, चार्जर मिळून दोन-अडीच किलो सहज होतं. पाठीवरची सॅक घ्या आणि गर्दीत ती पुढे छातीवर घ्या.

ऑफिसात एकच खूण ठरवा. तुमच्या कामात ओटीपीची वाट बघणं आणि पोर्टलवरचं गोल गोल फिरणारं चक्र बघणं दिवसातून कितीतरी वेळा होतं. नेमक्या त्या अर्ध्या मिनिटात दात आवळले जातात. तेव्हा जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांमागे टाळूला, ओठ मिटलेले, दात एकमेकांपासून सुटे, आणि तीन लांब उच्छ्वास. ओटीपी येईतो तीन श्वास होतात. दात जेवताना सोडून एरवी एकमेकांना लागायची गरजच नसते, हे अनेकांना माहीत नसतं. रात्री झोपेतही दात खात असाल तर दातांच्या डॉक्टरांकडून रात्री घालायची पट्टी मापाने करून घ्या, झीज थांबते.

मानेसाठी दर तासाला एकदा उभं राहा. खांदे कानापर्यंत, पाच सेकंद, धप्पकन खाली, तीनदा. मग उजव्या हाताने खुर्चीची बैठक धरून डोकं डावीकडे कलवा, वीस सेकंद, मग दुसरी बाजू. मान गरागरा फिरवणं आणि कडकड मोडणं बंद. दुपारचं जेवण झाल्यावर दहा मिनिटं हॉर्निमन सर्कलच्या बागेभोवती एक-दोन फेऱ्या मारा, फोन टेबलावर ठेवून. स्क्रीनवर रोखलेल्या डोळ्यांना लांबचं बघायला मिळतं, हाही त्यातला फायदा.

डोळ्यांवरून आठवलं. ४२ व्या वर्षी, दिवसभर आकडे बघून, नेमकं संध्याकाळी डोकं ठणकतं म्हटल्यावर पहिली शंका चाळिशीच्या चष्म्याची घ्यायला हवी. ताणाच्या नावावर खपणारी किती तरी डोकेदुखी जवळच्या नंबरची असते. या महिन्यात डोळे तपासून घ्या. ते न करता बाम चोळत बसणं व्यर्थ आहे.

परतीच्या गाडीत बसायला मिळतं, त्याचा पुरेपूर फायदा घ्या. बसल्यावर पहिली पंधरा मिनिटं काळजीसाठी राखून ठेवा, रोज त्याच वेळी. छोटी वही, पानावर मधोमध रेघ. डावीकडे ज्याला तुमच्या हातून काही करता येतं ते, आणि त्याच्यापुढे पुढची एकच कृती व तारीख. ‘रिटर्नचं टेन्शन’ असं लिहिलं तर काही उपयोग नाही. ‘अमुक पुरवठादाराची दोन बिलं पोर्टलवर दिसत नाहीत, उद्या ११ ला फोन’ असं लिहा. उजवीकडे ज्याला काही करता येत नाही ते, फक्त एका ओळीत. पंधरा मिनिटं झाली की वही बंद. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाने २०१८ मध्ये ५७ तरुण मुलामुलींवर केलेल्या प्रयोगात झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी लवकर. तुमची अडचण झोप लागण्याची नसून मोडण्याची आहे, त्यामुळे तुमच्यासाठी हे काम अंथरुणापासून लांब, गाडीतच बरं. गाडीच्या हेलकाव्यात अक्षर वाईट येईल, येऊ दे.

उरलेल्या प्रवासात डोळे मिटून मुठी, खांदे, पोटऱ्या एवढंच आवळा-सोडा करा. शेजारणीला कळतही नाही.

चहा. पाच कप म्हणजे फार भयंकर नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत कपभर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन धरलंय आणि दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅमची दिली आहे. म्हणजे कडक चहा असेल तर तुम्ही मर्यादेच्या काठावर आहात. अडचण त्या आठच्या चहाची आहे. कॅफिन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे तीनला जाग येते तेव्हाही त्यातला काही भाग काम करत असतो. शेवटचा चहा दुपारी तीनला. मात्र एकदम तोडू नका, दुसऱ्या दिवशी डोकं फुटायची पाळी येते आणि मग सगळा दोष नव्या उपायांवर जातो. आधी आठचा कप अर्धा करा, चार दिवसांनी त्याजागी चहापत्ती न घालता गवती चहा-आलं उकळून घ्या, मग दिवसातला आणखी एक कमी करा. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा टाळा. त्यातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही, आणि लोहाची गरज पुढे तपासण्यांचं सांगताना दिसेल.

मुलावर ओरडण्याबद्दल तुम्ही स्वतःला फार दोष देताय. दीडला जेवून पावणेआठला घरी, मधे फक्त चहा. सहा तासांच्या उपाशी माणसाला कोणाचीही उघडी पडलेली वह्या-पुस्तकं सहन होत नाहीत. साडेपाचला मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा, किंवा एक केळं, पाणी पिऊन. हे इतकं साधं आहे की लोक करतच नाहीत. आणि घरात एक नियम सांगून टाका : आई आली की पहिली वीस मिनिटं कोणी काही विचारायचं नाही, आईनेही अभ्यासाचं विचारायचं नाही. हातपाय धुवायचे, कपडे बदलायचे, खोलीचं दार लोटून वर सांगितलेली दहा-बारा मिनिटं. कुकर नवऱ्याने लावावा. रिसॉर्टचा खर्च करायला तयार असलेल्या माणसाला हे जड जाऊ नये. सासूबाईंना आधी विश्वासात घ्या, ‘डॉक्टरांनी मानेचे व्यायाम सांगितलेत’ म्हटलं की घरात लगेच मान्यता मिळते, हा अनुभव बहुतेक सुनांचा आहे.

आता तीन वाजताचं. पहाटेकडे झोप हलकी होत जाते आणि मधे जाग येणं स्वाभाविक आहे. नुसती जाग झोप मोडत नाही, जाग आल्यावर केलेली कृती झोप मोडते. पहिली चूक घड्याळ बघण्याची. तीन दिसले की डोकं लगेच ‘आता तीनच तास उरले’ अशी वजाबाकी करतं. घड्याळ पाठमोरं करा. दुसरी चूक फोनची. तिसरी, पडून राहून झोप आणायचा प्रयत्न करण्याची. अंदाजे वीस मिनिटं झाली आणि झोप नाही असं वाटलं की उठा, हॉलमध्ये खुर्चीत बसा, मंद दिवा, हातात काही तरी नीरस. जुना दिवाळी अंक चालेल, पण त्यातली रहस्यकथा नको. कामाचा विचार आला तर ‘हे उद्या गाडीत’ एवढंच म्हणायचं. डोळे जड झाले की परत अंथरुणावर, आणि लागलं तर हाच क्रम पुन्हा. अंथरुणावर जागं राहून काळजी करायची सवय शरीराला लागते, ती तोडायला हा मार्ग उपयोगी पडतो. पहिला आठवडा दिवसा जास्त झोप येईल. तरी दुपारी झोपू नका, आणि दुसऱ्या रात्री भरपाईसाठी नऊलाच आडव्या होऊ नका, त्याने तीनची जाग दोनवर येते. उठण्याची वेळ रोज तीच, रविवारी फार तर तासभर उशीर.

झोपण्याआधी तास-दीड तास पाय गरम पाण्यात ठेवले तर फायदा होतो. घोट्यापर्यंत पाणी, आंघोळीच्या पाण्याइतकं गरम, दहा-पंधरा मिनिटं. पायाच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीराची आतली उष्णता बाहेर पडते आणि तापमान उतरलं की झोप येते. पाण्यात महागडं मीठ घालायची गरज नाही. सासूबाईंनाही हवं असेल आणि त्यांना मधुमेह असेल तर पाणी कोपराने तपासून कोमटच घ्या, पायाला भाजलेलं कळत नाही. नंतर तळव्यांना तिळाचं किंवा खोबरेल तेल, चमचाभर, पाच मिनिटं चोळा. काशाची वाटी असेल तर तीही घासा, छान वाटतं. पण तळवा काळा पडतो तो ‘अंगातली उष्णता निघाली’ म्हणून नव्हे, वाटीतलं तांबं तेलाशी-घामाशी संयोग पावतं म्हणून. मोजे घातल्याशिवाय फरशीवर चालू नका, तेलकट पायाने घसरून कंबर मोडलेल्यांची संख्या कमी नाही.

हे सगळं करण्याआधी किंवा बरोबरच एकदा तपासण्या करून घ्या. तुमच्या वयात थकवा, चिडचिड, धडधड आणि झोपमोड यांच्या मुळाशी रक्त कमी असणं, थायरॉइड किंवा बी १२ ची कमतरता असू शकते. हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची चाचणी), बी १२, साखर आणि रक्तदाब, एवढं पुरे. पाळी मागेपुढे होत असेल, रात्री घाम फुटून जाग येत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना तसं सांगा, रजोनिवृत्तीच्या आधीची ती लक्षणं असू शकतात आणि त्यांवर उपाय आहेत. छातीत दाब, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, धाप, अचानक उठलेली असह्य डोकेदुखी, यांत श्वासाचे व्यायाम करत बसायचं नाही, थेट दवाखाना. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ‘टेली मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

सुरुवात कधी करायची? तुमच्या महिन्यात शेवटच्या तारखा अशा : ७ ला टीडीएस (कापलेला कर), ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरण), १५ ला पीएफ, २० ला ३बी (जीएसटी भरण्याचं विवरण). या तारखांच्या आगेमागे नवीन काही सुरू केलं तर ते तिसऱ्या दिवशी सुटतं आणि ‘माझ्याने होत नाही’ असं वाटतं. २१ तारखेला सुरू करा. पहिल्या आठवड्यात तीनच गोष्टी : ठाणे ते घाटकोपर श्वास, ओटीपीच्या वेळी जबडा, साडेपाचचे फुटाणे. दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळची आवळा-सोडा आणि चहाची कपात. गाडीतली वही तिसऱ्या आठवड्यात, कारण ती लावून धरायला सगळ्यात कठीण. पुढच्या २० तारखेच्या आसपास काही दिवस सगळं कोलमडेल. तेव्हा फक्त ओटीपीचा श्वास चालू ठेवा, बाकीचं २१ पासून पुन्हा.

अ‍ॅपची वर्गणी भरू नका. त्यातलं तुमच्या कामाचं जे आहे ते वर आलंय, आणि आवाज ऐकत श्वास घ्यायचा असेल तर स्वतःच्याच आवाजात ‘चार... सहा...’ असं पाच मिनिटं फोनवर रेकॉर्ड करा. रिसॉर्टला जरूर जा, पण मौज म्हणून, आणि २१ नंतरच्या शनिवारी. खर्च करायचाच असेल तर दीडशे-दोनशे रुपयांचं गजराचं साधं घड्याळ घ्या, म्हणजे रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला राहील.